नऊ नंबरचा रकाना

शांतवन,

दारावर कागद चिकटवून गेले. मी दूध घेऊन आलो तर होता. पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या वाचायला लागलो. सवयीनं, मोठ्यानं, बोट ठेवून, एकेक अक्षर. आ. वं. टी. एवढं म्हणून थांबलो. तू आतून शब्द सांगशील म्हणून थांबलो. किती वेळ थांबलो कुणास ठाऊक. समोरच्या कमला आंटी वॉकर सरकवत बाहेर आल्या.

"किससे बात कर रहे हो, भाईसाहब?"

"किसी से नहीं. पढ़ रहा हूँ."

त्यांनी चष्मा लावला आणि एका दमात सगळं वाचलं. शाळा शिकलेली बाई. आवंटी, म्हणजे घर ज्यांच्या नावावर ते, श्री शांतवन साळवे यांचा मृत्यू झाला आहे, तरी तीस दिवसांत घर रिकामं करून किल्ली कार्यालयात जमा करावी. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पर आप तो उनके साथ ही थे. आपका नाम होगा न कागज़ में?"

मी दूध उचललं आणि आत आलो.

माझं नाव कागदात नाही, शांतवन. तुझ्या अर्जातला नऊ नंबरचा रकाना मी तुला वाचून दाखवला नाही. गाळला. चुकून नाही, मुद्दाम. सहा वर्षं मी हे पोटात ठेवलं आणि मला वाटत होतं की तुला पत्ता नाही. तेही खोटं निघालं, पण ते पुढे सांगतो. आधी एवढंच ऐक की हे घर त्या एका रकान्यामुळे जातंय, मी बाहत्तरचा आहे, आणि मला दुसरं घर नाही. गावाकडचा माझा वाटा मी पुतण्यांना लिहून दिला होता. छाती पुढे काढून म्हणालो होतो, मला दिल्लीत काय कमी आहे. तू तेव्हा म्हणाला होतास, "गणपत, तुझी छाती जरा आत घे, दार लहान आहे."

माणूस गेल्यावर लोक लिहितात तो कुठे जन्मला, किती शिकला, मागे कोण आहे. तसलं मला जमणार नाही. मला तू बोर्डावर बसलेला दिसतोस.

कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूचं आपलं ते सरकारी गेस्ट हाउस. तू खाली टेलिफोनच्या बोर्डावर, मी दुसऱ्या मजल्याच्या बारा खोल्यांवर. पाहुणा खोली सोडून निघाला की मी दारात उभा राहून विचारायचो, "साहेब, काही राहिलं तर नाही ना?" सगळे नाही म्हणायचे आणि सगळ्यांचं काहीतरी राहायचं. चष्मा, चार्जर, देवाचा फोटो, एकदा तर कवळी. मी ते घेऊन खाली तुझ्याकडे यायचो आणि तू पाहुण्याला फोन लावायचास. नंबर तुला पाठ. त्या दिवशी तू म्हणालास, "नमस्कार साहेब, आपले दात आमच्याकडे सुखरूप आहेत." मी बोर्डाला धरून हसलो. तू हसला नाहीस. फोन ठेवलास आणि म्हणालास, "जाधव, नीट गुंडाळून ठेव, चावतील."

कुणाची डायरी राहिली, पाकिटावर पत्ता असला, तर वाचायचं कुणी? तुला जन्मापासून दिसत नव्हतं आणि मी दुसरीत शाळा सोडलेली. रीत तूच काढलीस. तू अक्षर सांग, मी शब्द करतो. मी म्हणायचो ना, ग, पू, तोवर तू नागपूरला पोचलेला असायचास. मी अजून दुसऱ्या ओळीत आणि तू अख्खं पत्र सांगून मोकळा. लोक म्हणायचे, एक आंधळा, एक अडाणी, दोघं मिळून एक कारकून. मला राग यायचा. तू म्हणायचास, "मोजायला चुकलेत. दीड कारकून."

त्या वेळी मी तुला साळवेसाहेब म्हणायचो, अहो-जाहो. तू खुर्चीवरचा, मी उभ्यानं काम करणारा. माझ्या छातीवर पट्टी होती. कक्ष सहायक. तीस वर्षं ती पट्टी लावली. कपडे बदलले, पट्टी तीच. पाहुणे नाव विचारायचे नाहीत, पट्टी वाचायचे. "ए सहायक, पानी ला." माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस म्हणायचा, सोफ्यावर पाय टाकून. मी पाणी द्यायचो. पण मनात म्हणायचो, एक दिवस ही पट्टी उतरेल आणि परत कुणाच्या बापाची हिंमत नाही मला या नावानं हाक मारायची.

उतरली. साठ झाले, ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला, आणि पट्टी मी यमुनेत टाकली. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. मुलबाळ नव्हतंच. मी इकडेतिकडे भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले, तू शाहदऱ्याला दुसऱ्या मजल्यावर एकटा, आणि मग त्या जिन्यावरून तू पडलास. बोलावलंस, मी आलो, आणि राहिलो. कुणी कुणाला ठेवून घेतलं ते कधी ठरलं नाही. तुला जिना उतरवायला माणूस हवा होता. मला कुणीतरी रात्री दार उघडायला हवं होतं, खोलीत आत कुणी आहे असं वाटायला.

या फ्लॅटांची बातमी तूच रेडिओवर ऐकलीस. म्हातारे आणि अपंग, ज्यांची कमाई कमी, त्यांच्यासाठी गाझियाबादला चार मजली इमारत. तळमजला अपंगांना. तू म्हणालास, "जाधव, एका घरात राहायचं तर एक अट. साहेब बंद. तू मला शांतवन म्हण, मी तुला गणपत."

माझ्या तोंडातून निघेना. दोन दिवस मी तुला हाकच मारली नाही, खोकून काम भागवलं. तिसऱ्या दिवशी चुलीजवळून म्हटलं, "शांतवन, मीठ कुठे ठेवलंस?" आणि मीठ न घेताच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तू आतून म्हणालास, "डब्याच्या मागे आहे. सावकाश ये."

तू सगळं ऐकायचास.

आणि त्याच आठवड्यात तो अर्ज. चार पानं, हिंदीतून. तू खाटेवर, मी खाली जमिनीवर, पानावर बोट. मी अक्षर सांगत होतो, तू शब्द करत होतास आणि उत्तर सांगत होतास, मी लिहीत होतो. नाव. वय. कमाई. अपंगत्वाचा दाखला. आठ नंबर झाला. मग नऊ. तो मला अक्षर लावून वाचावा लागला नाही. त्यातला एक शब्द तीस वर्षं माझ्या छातीवर होता.

मी गप्प झालो. तू म्हणालास, "नऊ?"

"नऊ ऑफिसनं भरायचाय."

तू माझ्या आवाजाकडे तोंड वळवलंस. मग म्हणालास, "बरं. पुढे."

एवढंच घडलं. ज्या माणसाला मी जन्मात पहिल्यांदा तू म्हणत होतो, त्याच्याच कागदावर मला परत तीच पट्टी लावणार होते. मी म्हटलं, नाही. भाऊ लिहा, मित्र लिहा, शेजारी लिहा, काय वाटेल ते लिहा. त्या रकान्यात दुसरं काही लिहायची सोय नव्हती, म्हणून मी रिकामा सोडला. त्याचा पुढे काय उपयोग असतो ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी लिहिलं नसतं. खोटं कशाला बोलू आता.

घर मिळालं. सात नंबर. पहिल्या दिवशी मी दारात अडून राहिलो. म्हटलं, "याला उंबराच नाही. असलं कसलं घर? लक्ष्मी कुठून आत येणार?" तू काठी पुढे केलीस, दारातून आत, आतून बाहेर, पुन्हा आत, तीन वेळा चालून दाखवलंस. कुठे अडखळला नाहीस. म्हणालास, "गणपत, ज्यानं हे दार केलं त्याचं भलं होवो. जन्मात पहिल्यांदा घरानं मला पाय आडवा घातला नाही." बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे, दारं इतकी रुंद की कमला आंटींचा वॉकर गर्रकन वळतो. प्लॅस्टर पहिल्याच पावसाळ्यात सुटलं, लिफ्ट चालते त्याहून जास्त बंद असते, टाकीचं पाणी सकाळी दहापर्यंत. तरी वरच्या मजल्यावरचे म्हातारे दिवाळीला खाली येऊन आपल्या दारात पणती लावायचे, कारण आपल्या दारापुढे जागा मोठी.

पॅसेजच्या भिंतीला हात धरून चालायचा लोखंडी दांडा होता. मुख्य दरवाजापासून सुरू व्हायचा आणि आपल्या दाराच्या चार पावलं अलीकडे संपायचा. ठेकेदारानं तेवढा तुकडा खाल्ला असं तू म्हणायचास. त्या चार पावलांना तू माझ्या खांद्यावर हात ठेवायचास. सहा वर्षं, येता-जाता. तू त्या तुकड्यासाठी किती अर्ज केलेस. मीच लिहायचो आणि मीच कुरकुर करायचो.

"मी आहे ना. दांडा कशाला पाहिजे?"

"तू बाजारात गेलास म्हणजे?"

"आल्यावर जा."

"मला लघवीला... अरे, ते घरातच आहे म्हणा." आणि दोघं हसायचो. पण तू अर्ज थांबवला नाहीस. मला त्याचं वाईट वाटायचं. वाटायचं, याला माझा खांदा नको आहे. आपलं यावरचं भांडण संपलंच नाही. तुझं म्हणणं होतं, माणसाला दांडाही हवा आणि खांदाही. माझं म्हणणं होतं, दोन्ही असले की खांद्याला कोण विचारतो.

आता रिकाम्या घरात मला कळतंय की तू माझ्यानंतरचा विचार करत होतास. मी आधी जाईन असं धरून चालला होतास. मी तुझ्यानंतरचा विचार एकदाही केला नाही.

दर वर्षी ऑफिसच्या मॅडम तपासणीला यायच्या. घर ज्याला दिलं तोच राहतो का, भाड्यानं तर दिलं नाही ना, हे बघायला. पहिल्या वर्षी त्यांनी रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, "आप कौन?" तू खुर्चीत बसला होतास. मी म्हटलं, "मेहमान हूँ." आयुष्यभर पाहुण्यांची सरबराई केली, एकदा तरी पाहुणा होऊन बघू असं वाटलं. तू हसलास, मॅडम हसल्या, आणि त्यांनी ते लिहिलं. मी सही केली. अंगठा नाही, सही. त्या दिवसापासून माझं नावच पडलं. "पाहुणे, चहा टाका." "पाहुण्यांनी आज भाजी करपवली." कमला आंटींपर्यंत गेलं ते.

मॅडम जाताना दारात थांबल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सहायक वाला कॉलम खाली है. आपका नाम भर दूँ?" मी म्हटलं, "ज़रूरत नहीं." त्या म्हणाल्या, "सोच लीजिए." मी म्हटलं, "सोच लिया." दर वर्षी त्या आल्या, दर वर्षी मी पाहुणा म्हणून सही केली. त्या बाईनं मला संधी दिली होती. हे मी कुणाच्या माथी मारू?

नाताळला तू करंज्या मागायचास. तुमच्या नगरकडच्या घरात होतात तशा, सारणात खसखस जास्त. मी गेस्ट हाउसच्या खानसाम्याकडून शिकून घेतल्या होत्या, तुला ते कधी सांगितलं नाही, म्हणायचो आईची पद्धत. या नाताळला सगळ्या तेलात फुटल्या. तू फुटलेली खाल्लीस आणि म्हणालास, "पाहुण्यांच्या हातचं आहे, नावं ठेवू नयेत." तेव्हाच तुझ्या छातीत घरघर होती. मी म्हटलं थंडी आहे. गाझियाबादची थंडी आणि तो धूर, कुणाच्या छातीत घरघर नाही?

जानेवारीतली ती सकाळ. मी तुला स्वेटर घालत होतो. तू माझा हात धरलास, मनगटाला, घट्ट. म्हणालास, "गणपत, तुला मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "चहा देऊ की काढा, ते तू सांग."

तू हात सोडलास. "काढा दे."

दुपारी तुला धाप लागली. कमला आंटींनी फोन करून गाडी बोलावली. सरकारी हॉस्पिटल, गेटवर शिपाई. एका रोग्याबरोबर एकच माणूस, त्यानं गळ्यात पास घालायचा. पाच दिवस मी तुझ्या खाटेपाशी फरशीवर बसलो. नर्स बाहेर येऊन ओरडायची, "साळवे का अटेंडंट कौन है?" आणि मी उठायचो. "मैं." पहिल्या हाकेला. औषध आण, मैं. याला कूस बदल, मैं. सही कर, मैं. पाच दिवसांत दहा-वीस वेळा मला सहायकाच्याच त्या इंग्रजी नावानं हाक मारली आणि मी दहा-वीस वेळा धावलो, शांतवन. मला एकदाही आठवलं नाही की मला त्याची लाज वाटते. पास गळ्यात होता. लोकांना दिसावा म्हणून मी तो स्वेटरच्या बाहेर काढून ठेवत होतो, आत जाऊ द्यायला नाही म्हणू नये म्हणून.

पाचव्या दिवशी नर्सनं हाक मारली ती वेगळ्या आवाजात. तू म्हणायचास, आवाजावरून सगळं कळतं. कळलं मला.

तुझी पुतणी रूथ गुरुग्रामहून आली, तिनं सगळं नीट केलं. पाळक आले, गाणी झाली. मी माती दिली. मला काय म्हणायचं असतं ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "सावकाश जा." जिन्यावर म्हणायचो तसं.

मग तो कागद लागला आणि मी ऑफिसात गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मॅडमनी उठून खुर्ची दिली. मी बसलो नाही. हिंदीत म्हटलं, "मॅडम, ती जागा भरून टाका. मी त्याचा सहायक होतो."

त्यांनी फाईल उघडली. म्हणाल्या, सहायकाचं नाव असतं तर काही अडचण नव्हती. साठीच्या वरचा सहायक घर पुढे आपल्या नावावर मागू शकतो, आणि मिळतं. पण आवंटी गेल्यावर त्याच्या कागदात भर घालता येत नाही. आणि रजिस्टरला पाच वेळा माझी सही, मेहमान.

मी खिशातून हॉस्पिटलचा पास काढून टेबलावर ठेवला. "यह देखिए. इसमें लिखा है." मी पास जपून ठेवला होता, दोरीसकट. बाईनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला. "अंकलजी, यह तो अस्पताल का है."

"बंदा तो वही है."

त्यांनी पास परत माझ्यापुढे ठेवला. मी बाहत्तर वर्षांत कुणापुढे हात जोडले नव्हते, देव सोडून. त्या दिवशी जोडले. म्हटलं, नौकर लिहा. सेवक लिहा. जो काय शब्द तुमच्या नियमात बसतो तो लिहा. मला राहू द्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस बघायचा थांबला, खाली बघायला लागला.

मॅडम म्हणाल्या, नवीन अर्ज करा, यादीत नाव लागेल, नंबर कधी येईल सांगता येत नाही. मग फाईल बंद करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साळवेजी को पता था."

मी म्हटलं, क्या?

मागच्या वर्षी मी पाणी आणायला आत गेलो होतो तेव्हा तू त्यांना म्हणालास, माझा अर्ज जरा वाचून दाखवा, पहिल्यापासून. त्यांनी वाचला. नऊ नंबरला तू त्यांना थांबवलंस. रिकामा आहे का म्हणून विचारलंस. त्या म्हणाल्या, आहे, मी आत्ता नाव घालू का, तुम्ही फक्त हो म्हणा. आणि तू म्हणालास, "रहने दीजिए. वह खुद बताएगा."

मी त्या खुर्चीत बसलो तेव्हा.

शांतवन, तू असं का केलंस? एक वर्ष तू बसून राहिलास. एक हो म्हणायचं होतं तुला. मी अडाणी, मी हट्टी, मला काय कळतं? तू तर कळणारा होतास ना? मला शब्द करायला तू, आणि हा शब्द मात्र माझ्या तोंडून हवा होता? मी रस्त्यानं घरी येताना तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं. रिक्षावाल्यानं वळून बघितलं. म्हटलं तू माझा मान ठेवलास की मला धडा शिकवलास, ते एकदा सांग. तुला वाटलं असेल अजून खूप दिवस आहेत. वाटलं असेल एक दिवस मी कप खाली ठेवेन आणि सांगेन. त्या सकाळी मनगट धरून तू विचारलंस. मी चहा की काढा विचारलं. आणि तू काढा मागितलास.

काढा कडू झाला होता. तू पूर्ण प्यालास.

गेल्या सोमवारी पॅसेजमध्ये ड्रिलचा आवाज आला. दोन माणसं दांड्याचा तुकडा बसवत होती. चार पावलांचा. आपल्या दारापर्यंत. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाले, जुनी तक्रार होती, मंजूर झाली. दिवसभर मी त्या दांड्याला हात लावला नाही. संध्याकाळी चक्कर आल्यासारखं झालं आणि धरावाच लागला. मजबूत बसवलाय. तुझं खरं होतं.

रूथचे तीन फोन आले. गुणी पोरगी आहे. "काका, तुम्ही आमच्याकडे या. एकोणिसाव्या मजल्यावर हवा चांगली आहे. स्वयंपाकघरामागे एक खोली रिकामीच असते, तिला बाथरूमही आहे." मोठ्या सोसायट्यांमधल्या स्वयंपाकघरामागच्या खोल्या कुणासाठी बांधतात ते मला माहीत आहे. तिला वाटतं मला माहीत नाही. किंवा तिला वाटतं माहीत असलं तरी काय करणार म्हातारा. बरोबरच आहे तिचं. मी आधी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, गेटवरचा पास करायचाय, मोबाइलवर भरावं लागतं. गेस्ट लिहिलं तर दोन दिवसांत संपतो. घरातले लिहायचं तर आधार कार्डावर आमचा पत्ता लागतो. मग एकच राहतं, घरकामाला..." आणि अडखळली. तुझ्यासारखीच आहे, आवाजात सगळं दिसतं.

मी म्हटलं, "जे राहतं ते लिही, बाळ. मला चालतं."

ती रडली. मी नाही.

आज किल्ली द्यायची. सामान सकाळी बांधलं. दोन पिशव्या आणि तुझी पत्र्याची पेटी. चादरींच्या घड्या गेस्ट हाउसच्या केल्या, कोपरा आत. मग खोली तपासली, तीस वर्षं तपासली तशी. पलंगाखाली, दारामागे, खिडकीच्या फळीवर, बाथरूमच्या दांड्यावर. दांड्यावर तुझा पंचा होता, कडक वाळलेला. तो घेतला. काठी घेतली. रेडिओ कमला आंटींना दिला, त्या म्हणाल्या लावणार नाही, नुसता ठेवीन.

दारात आलो, जिथे उंबरा नाही तिथे उभा राहिलो, आणि सवयीनं तोंडातून आलं, "साहेब, काही राहिलं तर नाही ना?"

सगळे नाही म्हणतात. मला नाही म्हणता आलं नाही. मी परत आत आलो. पेटी उघडली. तुझ्या दाखल्यांच्या खाली अर्जाची झेरॉक्स होती, तू काहीच टाकत नव्हतास. ती घेऊन तुझ्या पलंगावर बसलोय. पलीकडे गादी गुंडाळलेली आहे. तू खाटेवर आणि मी जमिनीवर, अशी आपली जागा होती, आज मी वर बसलो, रागावू नकोस. बोट ठेवलंय.

सहा वर्षं उशीर झाला. ऐक.

नऊ. अर्जदारासोबत राहणाऱ्या सहायकाचं नाव. पुढे जागा रिकामी आहे. पेन माझ्याकडे आहे. मी लिहितोय, सावकाश. आणि लिहिता लिहिता म्हणतोय, मोठ्यानं, आपल्या रीतीनं.

ग. ण. प. त.

शब्द तू कर.